विश्लेषण : ब्रेक ऑइलमध्ये चुकीचे तेल पडले तर काय होते? आणि सोलापूरच्या वालचंद यांच्या मोटारीचा त्याच्याशी काय संबंध?

मंगळवेढ्यातल्या गॅरेजवाल्यांना ही तक्रार नवी नाही. गाडी घरून निघते तेव्हा नीट असते. चार-पाच किलोमीटर गेले की ओढेनाशी होते, जणू कोणी मागून धरून ठेवले आहे. ब्रेकचे पेडल नेहमीपेक्षा वर आणि कडक लागते. चाकाच्या रिमला हात लावला तर चटका बसतो. सावलीत तासभर उभी केली की गाडी पुन्हा मोकळी होते आणि मालकाला वाटते, उन्हाचा परिणाम असेल.

अनुभवी मिस्त्री आधी चाक खोलत नाही. बॉनेट उघडून ब्रेक ऑइलच्या डबीचे झाकण काढतो. झाकणाच्या आतले रबर फुगून सुरकुतले असेल, जागेवर परत बसत नसेल, तर त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: यात शेवटचे ऑइल कोणी टाकले? पातळी कमी दिसली म्हणून घरात पडलेल्या बाटलीतले ऑइल ओतले, ते स्टिअरिंगचे होते की इंजिनचे कोणास ठाऊक, अशा प्रकारचे उत्तर बऱ्याचदा येते.

नुकसान तेवढ्याने होते. खनिज तेलाचे थोडेसे प्रमाणही ब्रेकमधली सगळी रबरे खराब करू शकते.

रबर आणि तेल यांचे हे वैर हायड्रॉलिक ब्रेकइतकेच जुने आहे. ते आटोक्यात आणून असे ब्रेक मोठ्या प्रमाणावर विकल्या जाणाऱ्या मोटारीत बसवण्याचे काम 1924 मध्ये अमेरिकेतल्या क्रायस्लरने केले. पुढे याच क्रायस्लरला हाताशी धरून मुंबईत कुर्ल्याला मोटारींचा कारखाना काढणारा माणूस मंगळवेढ्यापासून तास-सव्वा तासाच्या अंतरावर, सोलापुरात जन्मला होता. वालचंद हिराचंद दोशी. त्यांच्या आयुष्याची शेवटची चौदा वर्षे एका प्रश्नाभोवती फिरत राहिली: मोटार इथे बनू शकते का? आणि 'बनणे' म्हणजे नेमके काय? सुटे भाग आणून जोडणे, की ब्रेकमधल्या बोटभर रबरी कपापर्यंत सगळे इथेच करणे?

कोण होते वालचंद?

23 नोव्हेंबर 1882 चा जन्म. घराणे मूळचे गुजरातचे, दिगंबर जैन, पण पिढ्यांपूर्वी सोलापुरात स्थायिक झालेले. वडील हिराचंद नेमचंद यांचा कापसाचा व्यापार आणि सावकारी. वालचंद यांचे शाळेचे शिक्षण सोलापुरात झाले, कॉलेज मुंबई-पुण्यात. पण पेढीवर बसून व्याजाचा हिशेब करण्यात त्यांचे मन रमले नाही.

1903 च्या सुमारास त्यांनी लक्ष्मणराव बळवंत फाटक यांच्याशी भागी केली. फाटक रेल्वेत कारकून होते. एकाला कामाची माहिती, दुसऱ्याकडे भांडवल. दोघांनी सुरुवातीला घेतलेल्या कामांपैकी एक बार्शी लाइट रेल्वेचे होते.

सोलापूर जिल्ह्यातल्या वाचकाला या रेल्वेची ओळख करून द्यायला नको. कुर्डुवाडीहून बार्शीला आणि पुढे लातूरला जाणारी, दुसऱ्या बाजूने 1906 मध्ये पंढरपूरला आणि 1927 मध्ये मिरजेला पोहोचलेली ती अरुंद रुळांची गाडी. ती सांगोल्यावरून गेली, मंगळवेढ्यात आली नाही. तेव्हा मंगळवेढे सांगली संस्थानात होते. ज्वारीच्या काळ्या रानांतले हे गाव आधी बैलगाडीवर आणि नंतर मोटारीवर अवलंबून राहिले, ते आजपर्यंत. इथे गाडीचा ब्रेक ही हौसेची गोष्ट नाही, त्याचे कारण हेही आहे.

फाटक-वालचंद ही जोडी वाढत गेली. पुढे वालचंद यांच्या बांधकाम कंपन्यांनी बोर घाटातल्या रेल्वेच्या बोगद्यांचे काम केले. मुंबईला पाणी आणणाऱ्या तानसाच्या जलवाहिनीचे केले. 1926 मध्ये सिमेंटचे पाइप बनवणारी इंडियन ह्यूम पाइप उभी राहिली. कंत्राटदार म्हणून हे यश कोणाच्याही डोळ्यांत भरावे असे होते. पण त्यांचे नाव देशभर झाले ते जहाजामुळे.

मोटारीआधी जहाज कसे आले?

1919 मध्ये दिल्लीहून मुंबईला येताना आगगाडीत त्यांची एका इंग्रज माणसाशी गाठ पडली. ग्वाल्हेरच्या शिंद्यांचे 'लॉयल्टी' हे जहाज विक्रीला होते आणि तो ते पाहायला निघाला होता. वालचंद यांनी मुंबईत उतरून नरोत्तम मोरारजी आणि इतर साथीदारांना गाठले व जहाज घेऊन टाकले. त्यातून सिंदिया स्टीम नेव्हिगेशन कंपनी झाली. 5 एप्रिल 1919 रोजी लॉयल्टी मुंबईहून इंग्लंडला निघाले. हा दिवस आता राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो.

या धंद्यात समोर लॉर्ड इंचकेप यांच्या ब्रिटिश कंपन्या होत्या. त्यांनी भाडे पाडून सिंदियाला जेरीस आणले. पुढची वीस वर्षे वालचंद यांनी भाड्याच्या लढाईत, करारांत आणि सरकारदरबारी अर्ज करण्यात घालवली. मोटारीच्या गोष्टीसाठी त्यातले एकच लक्षात ठेवायचे. मालक हिंदी असला तरी जहाज, यंत्रे आणि नियम परक्याचे असतील तर धंदा कधीही अडवता येतो, हे त्यांनी इथे प्रत्यक्ष अनुभवले. दरम्यान साखरेत पाऊल पडले होते. नाशिक जिल्ह्यात रावळगाव आणि इंदापूर तालुक्यात कळंबच्या माळावर वसलेले वालचंदनगर ही त्याची ठिकाणे.

क्रायस्लरच का?

हिंदुस्थानात मोटारी बनवण्याची कल्पना वालचंद यांची एकट्याची नव्हती. सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी 1930 च्या दशकात तिचा आराखडा केला होता. मुंबई प्रांतातले बाळासाहेब खेर यांचे काँग्रेस सरकार त्याला अनुकूल होते. तोवर देशात मोटारी येत नव्हत्या असे मुळीच नाही. जनरल मोटर्स आणि फोर्ड परदेशातून खोकी आणून मुंबईत गाड्या जोडत होत्या. पण ती जोडणी होती. पाना इथला, बाकी सगळे बाहेरचे.

1939 मध्ये वालचंद अमेरिकेला गेले. फोर्डशी बोलणी झाली, जमले नाही. क्रायस्लरशी जमले आणि 1940 मध्ये करार झाला. क्रायस्लर तंत्रज्ञान देणार आणि कारखाना हिंदी मालकीचा राहणार.

या निवडीमागे ब्रेकचा विचार होता असे म्हणणे चुकीचे ठरेल. ज्याच्याशी अटी जुळल्या तो भागीदार मिळाला, इतकाच व्यवहार. पण योगायोग असा की ब्रेकच्या बाबतीत ती त्या काळातली सर्वांत पुढची कंपनी होती. फोर्डने द्रवावर चालणारे ब्रेक आपल्या गाड्यांना दिले ते 1939 च्या मॉडेलपासून. क्रायस्लरच्या गाड्यांना ते 1924 पासून होते आणि 1928 मध्ये आलेल्या तिच्या स्वस्त प्लिमथलाही होते.

द्रवाचा ब्रेक म्हणजे काय, आणि त्यात रबर कुठे आले?

जुन्या मोटारींत पेडलपासून चाकापर्यंत सळ्या किंवा तारा असत. एक तार थोडी सैल झाली की एक चाक आधी धरायचे, गाडी बाजूला ओढायची. द्रवाचा फायदा असा की बंद नळीत दाब दिला तर तो सगळीकडे सारखा पोहोचतो. पेडल दाबले की मास्टर सिलिंडरमधला दट्ट्या द्रव ढकलतो, तो दाब चारही चाकांपर्यंत जातो.

माल्कम लॉगहेड या अमेरिकी मेकॅनिकने ही रचना पहिल्या महायुद्धाच्या काळात पेटंटमध्ये बसवली. तो आणि त्याचा भाऊ ॲलन आधी विमाने बनवत. लोक आडनाव नीट उच्चारत नाहीत म्हणून त्यांनी ते पुढे 'लॉकहीड' असे केले. आजच्या लढाऊ विमानांवरचे लॉकहीड ते हेच. 1921 च्या ड्यूसेनबर्ग या महागड्या गाडीत हायड्रॉलिक ब्रेक आले. कल्पना पक्की होती, पण सिलिंडरमध्ये द्रव अडवून धरणारे कप चामड्याचे होते आणि ते गळत.

क्रायस्लरच्या इंजिनिअरांनी चामडे काढून साच्यातले रबरी कप बसवले. गळती थांबली, पण नवी अट आली. आता आत असा द्रव हवा होता जो रबराला अपाय करणार नाही.

इथे रसायनशास्त्राचा छोटासा धडा गिरवावा लागतो. रबर आणि खनिज तेल दोन्ही हायड्रोकार्बन कुळातले. एका स्वभावाचे असल्यामुळे तेलाचे रेणू रबरात घुसतात, रबर स्पंजासारखे फुगते आणि मऊ पडते. म्हणून वंगणाचे साधे तेल ब्रेकमध्ये चालत नाही. सुरुवातीच्या ब्रेक द्रवात एरंडेल आणि अल्कोहोल यांचे मिश्रण वापरत. एरंडेलही तेलच, पण त्याच्या रेणूची ठेवण वेगळी असल्याने रबर ते फारसे शोषत नाही. एरंडेल रबराला जपायचे, अल्कोहोल त्याला पातळ ठेवायचे. पुढे ग्लायकॉल-ईथरवर आधारलेले द्रव आले. आज डॉट 3, डॉट 4, डॉट 5.1 या नावांनी मिळणारे तेच. म्हणजे गॅरेजात ज्याला सगळे 'ब्रेक ऑइल' म्हणतात ते मुळात ऑइल नाहीच. निम्मे घोटाळे या एका शब्दामुळे होत असावेत. ऑइल म्हटले की माणूस ऑइल ओततो.

इंग्रज सरकारने कारखाना का अडवला?

क्रायस्लरशी करार झाला तोवर दुसरे महायुद्ध सुरू झाले होते. वालचंद यांचा हिशेब असा की युद्धात लष्कराला ट्रक लागणारच, मग सरकार कारखान्याला नाही कशाला म्हणेल? सरकार नाही म्हणाले. कारखाना उभा राहायला वेळ लागेल, चालू युद्धात त्याचा उपयोग नाही, यंत्रे आणायला जहाजांत जागा आणि डॉलर देता येणार नाहीत, अशा आशयाची कारणे पुढे आली. मुंबईतले काँग्रेस मंत्रिमंडळ 1939 च्या अखेरीस राजीनामा देऊन गेले होते, त्यामुळे तो आधारही उरला नव्हता. याच काळात लष्करासाठी परदेशी ट्रक मात्र येतच राहिले. कारणांत काहीच तथ्य नव्हते असे नाही, जहाजांची टंचाई खरी होती. पण मोटारींचा हिंदी कारखाना युद्धानंतर ब्रिटिश मालाला स्पर्धक ठरेल ही भीतीही तितकीच खरी असावी.

याच अमेरिका दौऱ्यातून परतताना विमानात वालचंद यांची विल्यम पॉली या अमेरिकी विमान व्यावसायिकाशी गाठ पडली. आगगाडीतल्या ओळखीतून जहाज मिळाले होते, विमानातल्या ओळखीतून विमानाचा कारखाना निघाला. म्हैसूर संस्थानाच्या भांडवली मदतीने 23 डिसेंबर 1940 रोजी बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्टची स्थापना झाली. आजची एचएएल ती हीच. 21 जून 1941 रोजी विशाखापट्टणमला जहाजबांधणीच्या कारखान्याची पायाभरणी राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते झाली. 1942 मध्ये विमान कारखाना सरकारने वालचंद यांच्या हातून काढून घेतला. युद्धासाठी विमान चालत होते, मोटार चालत नव्हती, हा विरोधाभास त्यांनी जवळून पाहिला.

एकाच वेळी जहाज, विमान, मोटार, साखर, बांधकाम असा पसारा मांडण्यावर तेव्हाही टीका झाली, आणि ती अगदीच निराधार नव्हती. वालचंद यांना गोष्टी सुरू करण्याची घाई असे. त्या स्थिर होईपर्यंत थांबण्याइतकी उसंत त्यांच्याकडे नव्हती, आणि परिस्थितीनेही ती दिली नाही.

कुर्ल्याचा कारखाना : जोडणी की निर्मिती?

अखेर 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन झाली. बिर्लांची हिंदुस्थान मोटर्स दोन वर्षे आधी नोंदली गेली होती. कुर्ल्याच्या कारखान्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या त्या 1947 मध्ये, स्वातंत्र्याच्याच वर्षी. क्रायस्लर गटातल्या डॉज, डिसोटो, प्लिमथ ही त्यांची नावे. ट्रकही होते.

पण या गाड्यांचे बहुतेक भाग अमेरिकेतून येत. ज्या खोक्यांच्या धंद्यावर वालचंद टीका करत आले, सुरुवात त्याच धंद्याने करावी लागली. दुसरा मार्गही नव्हता. मोटार एका कारखान्यात बनत नाही. तिला काच लागते, बॅटरी लागते, ओतकाम लागते, स्प्रिंगचे पोलाद लागते. त्यातही ब्रेक हा सर्वांत नाजूक प्रांत. सिलिंडरचे आतले भोक आरशासारखे गुळगुळीत हवे, रबरी कप ठरलेल्या मापाचा आणि ठरलेल्या मिश्रणाचा हवा, आणि त्याला मानवणारा द्रव हवा. यातली एक गोष्ट हलकी निघाली तर बाकी दोन फुकट जातात. दरवाजाचा पत्रा थोडा वाकडा असला तर गाडी कुरूप दिसते, कपाचे रबर चुकले तर ती थांबत नाही. सुट्या भागांचा उद्योग आधी की मोटारीचा कारखाना आधी, हे कोडे त्या काळातल्या प्रत्येक मोटार कारखानदाराला पडलेले होते. भाग बनवणारे म्हणत, गाड्या किती खपणार ते सांगा. गाड्यावाले म्हणत, भाग स्वस्तात द्या, मग खपतील.

1949 मध्ये वालचंद यांना पक्षाघाताचा झटका आला. पुढच्या वर्षी ते कामकाजातून बाजूला झाले आणि उद्योगांचा भार भाऊ लालचंद आणि गुलाबचंद यांच्यावर आला. विशाखापट्टणमला बांधलेले 'जलउषा' मार्च 1948 मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते पाण्यात सोडले गेले, ते वालचंद यांच्या कर्त्या काळातच. मोटारीचा निकाल मात्र त्यांच्या हयातीत लागला नाही. 8 एप्रिल 1953 रोजी गुजरातमध्ये सिद्धपूरला त्यांचे निधन झाले. पत्नी कस्तुरबाई आजारपणाच्या काळात त्यांच्यासोबत होत्या.

त्याच वर्षी टॅरिफ कमिशनचा अहवाल आला. निर्मितीचा कार्यक्रम नसलेल्या, नुसती जोडणी करणाऱ्या कंपन्यांना देशात जागा नाही, असे धोरण ठरले. जनरल मोटर्स आणि फोर्ड यांनी गाशा गुंडाळला. वालचंद 1939 पासून मागत होते ते हेच होते.

मग पद्मिनी कुठून आली?

क्रायस्लरच्या मोठ्या गाड्या इथल्या खिशाला आणि रस्त्यांना जड होत्या. प्रीमियरने 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला इटलीच्या फियाटशी करार केला. आधी फियाट 500, मग 1100. हीच 1100 पुढे 1970 च्या दशकात प्रीमियर प्रेसिडेंट आणि नंतर प्रीमियर पद्मिनी झाली. टप्प्याटप्प्याने तिचे भाग देशात बनू लागले. चाकांना ड्रम, आत व्हील सिलिंडर, त्यात रबरी कप. ब्रेकची मूळ मांडणी तीच, जी क्रायस्लरने 1924 मध्ये रूढ केली होती. मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी निघाल्या त्या ऑक्टोबर 2023 अखेर.

खेड्यापाड्यांतल्या मिस्त्रींची एक पिढी या गाडीवर शिकली. व्हील सिलिंडर खोलायचा, किट बदलायचे, एकाने पंप मारायचा आणि दुसऱ्याने निपल सैल करून हवा काढायची. गाड्या बदलल्या, पुढच्या चाकांना डिस्क आल्या, एबीएस आले. द्रव आणि रबर यांची सोयरीक मात्र तशीच आहे. त्यामुळे सुरुवातीच्या तक्रारीकडे परत यायला हरकत नाही.

ब्रेक ऑइल बिघडले आहे हे ओळखायचे कसे?

आधी हे समजून घ्यायला हवे की बिघाड दोन प्रकारचा असतो आणि त्यांची लक्षणे जवळपास उलटी असतात. एक म्हणजे पाणी, दुसरे म्हणजे खनिज तेल.

ग्लायकॉलचा द्रव हवेतली ओल ओढून घेतो. झाकण नीट न बसणे, रबरी होजमधून वर्षानुवर्षे हळूहळू शिरणारा दमटपणा, अर्धी वापरून उघडी ठेवलेली बाटली, या तिन्ही वाटांनी पाणी येते. पाण्याने उकळबिंदू उतरतो. डॉट 4 च्या नव्या द्रवाला किमान 230 अंश सेल्सिअसपर्यंत उकळी फुटू नये असे मानक आहे. त्यात सुमारे 3.7 टक्के पाणी मिसळल्यावर ही मर्यादा 155 अंशांवर येते. डॉट 3 ला हेच आकडे 205 आणि 140. रोजच्या मंगळवेढा-पंढरपूर फेरीत हा फरक जाणवतही नाही. पण तीच गाडी रत्नागिरीच्या रस्त्याने आंबा घाट उतरू लागली, ब्रेकवर पाय सतत राहिला, की चाकाजवळचा द्रव उकळतो. वाफ दाबली जाते, द्रव दाबला जात नाही. पेडल अचानक तळाला जाते. गाडी थंड झाल्यावर ब्रेक पुन्हा लागतात, म्हणून गॅरेजात दोष सापडत नाही. घाटात पेडल गेले, खाली आल्यावर आले, असे कोणी सांगितले तर संशय आधी पाण्यावर घ्यायचा.

हे पाणी डोळ्यांनी दिसत नाही. द्रवाचा काळपट रंग वय सांगतो, पाणी किती ते सांगत नाही. गॅरेजात पेनासारखे टेस्टर असतात. ते द्रवाची विद्युतवाहकता मोजून अंदाज देतात, म्हणून तो अंदाजच समजावा. नमुना तापवून उकळबिंदू मोजणारे यंत्र जास्त भरवशाचे. यापैकी काहीच नसेल तर कंपनीने सांगितलेल्या मुदतीत, बहुतेक गाड्यांना दोन-तीन वर्षांत, द्रव बदलून टाकणे स्वस्त पडते.

खनिज तेलाचा बिघाड वेगळा. यात पेडल खाली जात नाही, उलट कडक होते आणि ब्रेक सुटत नाहीत. मास्टर सिलिंडरमध्ये एक बारीक छिद्र असते. पेडल सोडले की दाबलेला द्रव त्यातून परत डबीत जातो. फुगलेला रबरी कप हे छिद्र झाकून टाकतो. दाब नळीत अडकतो, चाके धरलेली राहतात, उष्णता वाढते, द्रव आणखी प्रसरण पावतो आणि ब्रेक आणखी घट्ट होतात. सुरुवातीला सांगितलेली गाडी नेमकी या चक्रात सापडते.

तपासणी सोपी आहे. गाडी सपाट जागी उभी करून चाकांना आधी ओट लावायची. जाम झालेल्या चाकाचा निपल थोडा सैल करायचा. द्रव जोरात उडाला आणि चाक लगेच मोकळे झाले तर दाब अडकला होता. चाक तरीही जामच असेल तर दोष त्या चाकाच्या यंत्रणेत आहे, गंजलेला दट्ट्या किंवा हँडब्रेकची तार. निपल सैल करून चाक सुटले म्हणून लगेच तेलाला दोष देऊ नये. पेडलला मोकळीक कमी असेल किंवा जुना होज आतून फुगून बंद झाला असेल तरी असेच होते. होजचा दोष बहुधा एका चाकापुरता असतो, तेलाचा बिघाड बहुधा सगळीकडे दिसतो.

पुढची पायरी म्हणजे डबी. झाकणाचे रबर फुगले, ताणले, चिकट झाले असेल तर ती जवळपास साक्षच. त्यावर शिक्कामोर्तब करायला स्वच्छ सिरिंजने डबीतला थोडा द्रव काढून काचेच्या बाटलीत घ्यायचा, तितकेच पाणी घालून हलवायचे आणि थोडा वेळ ठेवून द्यायचे. ग्लायकॉलचा ब्रेक द्रव पाण्यात पूर्ण विरघळतो. वर तेलाचा तवंग किंवा थेंब तरंगले तर खनिज तेल पडले आहे. सिलिकॉनचा डॉट 5 देखील पाण्यात मिसळत नाही, पण तो आपल्याकडच्या साध्या गाड्यांत नसतो. तेल फार कमी असेल तर तवंग न दिसता नुसती गढूळता दिसते. तेव्हा रबराची अवस्था जास्त खरे बोलते. हाताला लागलेला द्रव पुसून टाकावा, गाडीच्या रंगावर सांडला तर लगेच पाण्याने धुवावा, रंग उठतो.

तेल पडल्याचे नक्की झाले तर नुसते ऑइल बदलून भागत नाही. मालक आणि मिस्त्री यांच्यात खरी ओढाताण इथे होते. मालकाला वाटते, जुने काढा, नवे भरा, विषय संपला. पण तेल रबरात मुरलेले असते. फुगलेला कप नव्या द्रवात पुन्हा आपल्या मापावर येत नाही आणि शोषलेले तेल मागे सोडत राहतो. मास्टर सिलिंडरचे किट, सर्व चाकांचे कप किंवा कॅलिपरची सीले, रबरी होज, झाकणाचे रबर, सगळे बदलावे लागते. लोखंडी नळ्या धुवाव्या लागतात, त्याही योग्य द्रवाने, डिझेलने नव्हे. एबीएसचे युनिट असेल तर खर्च आणखी चढतो, कारण त्याच्या आतले रबर सुटे मिळत नाही. तोवर गाडी चालवू नये, टो करून आणावी.

गाडी ओतल्या जागीच उभी असेल, पेडल अजून दाबले नसेल, तर मात्र बचावाची संधी असते. द्रव अजून डबीतच असतो. इंजिन सुरू न करता, पेडलला पाय न लावता, सिरिंजने डबी रिकामी करून ती उतरवून धुतली आणि झाकणाचे रबर बदलले तर तेल खाली पोहोचण्याआधीच प्रकरण मिटू शकते. खात्रीसाठी मिस्त्रीला मास्टर सिलिंडरही तपासायला सांगावे.

किट बदलताना जुना कप आणि नवा कप शेजारी ठेवून पाहावेत. तेल प्यायलेला कप नव्यापेक्षा उघड मोठा दिसतो, त्याची कड लुसलुशीत झालेली असते आणि बोटाने दाबला तर तो परत लवकर उभा राहत नाही.